‘लेडी स्टेनो’चा पगार: पदनामात दडलेल्या फरकाचं प्रकरण

“मॅडम, आमच्याकडे बाई-पुरुष असा फरक नाही. हेल्परला हेल्परचा पगार, ऑपरेटरला ऑपरेटरचा.”

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे मॅनेजर मला हे सांगत होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. पगारपत्रक समोरच होतं. हेल्पर म्हणून १७ नावं, सगळी बायकांची. ऑपरेटर म्हणून २२, सगळी पुरुषांची. हेल्परमध्ये सगळ्यांना एकच दर, ऑपरेटरमध्येही एकच. कारखान्यांची हजेरीपुस्तकं आणि पगारपत्रकं कामगार कायद्यांना धरून आहेत की नाहीत हे तपासणं हा माझा व्यवसाय. असं पत्रक समोर आलं की मला दर वेळी मॅकिनन मॅकेन्झीचा खटला आठवतो.

कामगार कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा खटला परीक्षेपुरता माहीत असतो: समान काम, समान वेतन, सर्वोच्च न्यायालय, १९८७. मला मात्र तो पगाराइतकाच पदनामाचा खटला वाटतो. बाईच्या आणि पुरुषाच्या पगारात अंतर का पडतं याची बरीचशी कारणं इथे एकाच कचेरीत, एकाच टेबलाभोवती दिसतात. म्हणून तो जरा सविस्तर मांडते.

कचेरी आणि टेबल

मॅकिनन मॅकेन्झी ही १८४७ साली कलकत्त्यात सुरू झालेली कंपनी. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटींचा कारभार तिच्याकडे असे. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये तिच्या नावाची दगडी इमारत आहे. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटच्या अशा कचेऱ्यांमध्ये सगळा पत्रव्यवहार स्टेनोच्या हातून जायचा. साहेब मजकूर सांगणार, स्टेनो तो लघुलिपीत उतरवणार, मग कार्बन घालून टाइप करणार, चुका दुरुस्त करणार, फायलीला लावणार. पत्रातलं इंग्रजी अनेकदा साहेबापेक्षा स्टेनोचंच जास्त चांगलं असे. इंग्रजी येणाऱ्या मुलींसाठी त्या काळी मोजक्या नोकऱ्या होत्या: शाळा, इस्पितळ, टेलिफोन एक्स्चेंज आणि ही. “मॅट्रिक झाली की टायपिंगच्या क्लासला घाला, कुठेतरी लागेल,” हे वाक्य माझ्या आईच्या पिढीतल्या किती घरांत बोललं गेलं असेल!

या कंपनीत ऑड्रे डिकोस्टा काम करत होत्या. त्यांचं पद होतं ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. यातला प्रत्येक शब्द नीट बघण्यासारखा आहे. ‘स्टेनोग्राफर’ हे काम. ‘कॉन्फिडेन्शियल’ म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याशी जोडलेली, गोपनीय कागद हाताळणारी, म्हणजे जबाबदारी आणखी वाढली. आणि ‘लेडी’ हा शब्द कामाबद्दल काहीच सांगत नाही. पगाराचा फरक नेमका त्याच शब्दाला चिकटला होता. कंपनीत पुरुष स्टेनोग्राफरही होते. ते सर्वसाधारण ‘पूल’मध्ये, म्हणजे कोणा एका साहेबाशी न जोडलेल्या स्टेनोंच्या गटात बसत आणि त्यांना जास्त पगार मिळे.

२६ सप्टेंबर १९७५ रोजी समान वेतनाचा अध्यादेश निघाला. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. समान मूल्याच्या कामाला समान मोबदला द्यावा असं सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा करार भारताने १९५८ मध्येच मान्य केला होता, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये समान कामाला समान वेतन हे मार्गदर्शक तत्त्व पहिल्यापासून होतं. त्याला कायद्याचे दात फुटायला आणीबाणीतला तो अध्यादेश यावा लागला. पुढच्या वर्षी त्याचा समान मोबदला अधिनियम, १९७६ झाला.

१३ जून १९७७ रोजी डिकोस्टा यांची नोकरी संपवण्यात आली. कायद्याखाली नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे त्या गेल्या त्या या कंपनीशी संबंध तुटल्यावर. ही गोष्ट मला प्रत्येक कारखान्यात पुन्हा पुन्हा दिसते. नोकरीत असलेली बाई पगारफरकाची लेखी तक्रार जवळजवळ करतच नाही. तिला उद्या त्याच सुपरवायझरसमोर उभं राहायचं असतं, सुट्टी त्याच्याकडेच मागायची असते. मग वर्षभरात कागदावर एकही तक्रार नसते आणि तक्रार नाही म्हणजे फरकही नाही, असं ऑडिटच्या अहवालात लिहिलं जातं.

करारावर सही झाली म्हणून?

पहिल्या पायरीवरचा निकाल या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे. प्राधिकाऱ्याने तथ्य मान्य केलं: पुरुष स्टेनो आणि लेडी स्टेनो यांचं काम एकाच प्रकारचं आहे. आणि तरीही अर्ज फेटाळला! कारण काय, तर कंपनी आणि कर्मचारी संघटना यांच्यात वाटाघाटी होऊन पगाराचा करार झाला होता आणि लेडी स्टेनोंची वेगळी श्रेणी त्या करारातच ठरली होती. दोन्ही बाजूंनी राजीखुशीने सह्या केल्या, मग भेदभाव कसला?

युनियनची सही म्हणजे सगळ्या कामगारांची संमती, असं आपण सहज धरून चालतो. मी युनियनच्या विरोधात नाही. माझे वडील गिरणीत होते, घर युनियनच्या जोरावर चाललं. पण वाटाघाटीच्या खोलीत कोण बसतं हे मी पाहिलेलं आहे. मागण्यांच्या यादीत वरच्या दहा कलमांत काय जातं आणि शेवटच्या तासाला काय सोडून दिलं जातं, हे तिथे कोण बसलंय त्यावर ठरतं. पुरुषाचा पगार घर चालवायचा आणि बाईचा वरखर्चाचा, ही समजूत मालकाइतकीच कामगारांच्या घरातही मुरलेली असते. पगारातल्या अंतराचं हे एक कारण अर्थशास्त्राच्या आकडेमोडीत सहसा पकडता येत नाही, कारण करारावर दोन्ही पक्षांच्या सह्या असतात आणि कागद अगदी स्वच्छ दिसतो.

डिकोस्टा यांनी अपील केलं. अपिलाच्या प्राधिकाऱ्याने हा उघड भेदभाव आहे असं ठरवलं आणि मूळ पगार व महागाई भत्त्यातला फरक म्हणून ७,१९६ रुपये ६७ पैसे द्यायला कंपनीला सांगितलं. या रकमेसाठी कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथे एका न्यायमूर्तींसमोर हरली, मग खंडपीठासमोर हरली, मग सर्वोच्च न्यायालयात गेली. खरा प्रश्न सात हजारांचा नव्हता हे यावरूनच कळतं. एका स्टेनोला फरक मिळाला की तो सगळ्यांना द्यावा लागणार होता.

कंपनीचे बचाव

कंपनीचं म्हणणं तीन प्रकारचं होतं. कामं वेगळी आहेत. करार झालेला आहे. आणि कंपनीची परिस्थिती बिकट आहे, समान पगार परवडत नाही.

न्यायमूर्ती व्यंकटरामय्या आणि न्यायमूर्ती दत्त यांनी २६ मार्च १९८७ रोजी निकाल दिला. शेवटचे दोन बचाव लवकर निकाली निघतात. कायद्याच्या कलम ३ नुसार कुठलाही करार, निवाडा किंवा नोकरीची अट या कायद्यापुढे टिकत नाही, मग तो करार आधीचा असो वा नंतरचा. आणि पैशाबद्दल न्यायालयाने सरळ सांगितलं की कायदा लागू होणं हे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. तंगी सगळ्यांना सारखी सोसायला लावता येते, ती एका गटाच्या पगारातून भागवता येत नाही.

पहिल्या बचावाकडे मात्र थांबून बघायला हवं. कंपनी म्हणत होती की साहेबांशी जोडलेल्या गोपनीय स्टेनो म्हणून आम्ही पुरुष नेमतच नाही, आणि या बायकांची बदली पुरुष असलेल्या पूलमध्ये होत नाही. म्हणजे हा गटच वेगळा. आता ही वेगळी खोली बांधली कोणी? बायकांना तिथेच नेमायचं, तिथून हलवायचं नाही, आणि मग ‘या वेगळ्याच आहेत’ म्हणून पगार वेगळा ठेवायचा. न्यायालयाने हे ओळखलं. काम जवळजवळ तेच असेल तर त्या कचेरीत कुठे बसतात याने फरक पडत नाही, असं तर म्हटलंच, पण पुढे हेही म्हटलं की बायकांना करता येण्याजोग्या कामापासून त्यांना दूर सारायचं आणि दुसरीकडे कमी पगारावर ठेवायचं अशी परिस्थिती मालकाला मुद्दाम निर्माण करता येणार नाही. १९८७ साली हे इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलं गेलं, याचा मला आजही आनंद वाटतो.

तुलना कशी करायची याचीही दिशा निकालाने दिली. कायद्यात मोजमाप होतं कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांचं, आणि कामाची परिस्थिती सारखी असावी एवढंच. बारीकसारीक फरक असणारच. ‘सारख्या स्वरूपाचं’ म्हटलं की थोडा फरक त्यात धरलेलाच असतो. क्षुल्लक फरकावरून समानतेचा दावा बुडवू नये, आणि नेमणूकपत्रात लिहून ठेवलेलं काम नव्हे तर प्रत्यक्षात रोज होणारं काम बघावं. मी तपासणीला जाते तेव्हा आधी नेमणूकपत्रं मागत नाही. आधी शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, जाऊन दोन तास उभी राहते. ही सवय मला या निकालाने लावली.

एक खटकणारी गोष्टही त्यात आहे. सगळ्याच कामांत फरक नसावा असं आमचं म्हणणं नाही, असं सांगताना न्यायालयाने उदाहरण दिलं की माल चढवणं-उतरवणं, जड ओझी वाहणं अशी कामं पुरुष करतात, ती बायकांना जमत नाहीत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बांधकामावर जाऊन बघा. वाळूच्या पाट्या डोक्यावर घेऊन शिडी चढणारी बाई असते, आणि तिला मजुरी कमी मिळते. वीटभट्टीवर तीच, खडी फोडायलाही तीच. ओझं जड आहे की हलकं हे वजनावर ठरायला हवं होतं, पण ते कोण वाहतंय यावर ठरत आलं आहे. इतक्या चांगल्या निकालात ते वाक्य राहून गेलं याचं वाईट वाटतं.

सहा वर्षं आधी, आणखी एक पदनाम

मॅकिनन खटल्यातला डिकोस्टा यांचा विजय किती निसटता होता हे कळायला १९८१ चा एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा हा खटला शेजारी ठेवावा लागतो. एअर इंडियात हवाई सुंदरी आणि सहायक फ्लाइट पर्सर (प्रवाशांची व्यवस्था बघणारा पुरुष कर्मचारी) हे विमानात एकत्र काम करत. पुरुष असलेल्या पर्सरला निवृत्तीपर्यंत नोकरी, बाईला ३५ वर्षांपर्यंत, तीही पुढे वाढवायची तर व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने. चार वर्षांच्या आत लग्न केलं तर नोकरी गेली. पहिलं गरोदरपण आलं तरी गेली. न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि संचालकांची मर्जी रद्द केली. पण चार वर्षांची लग्नाची अट ठेवली, आणि मूळ मुद्द्यावर सांगितलं की हे दोन संवर्गच वेगळे आहेत: भरती वेगळी, बढतीची वाट वेगळी, म्हणून तुलना नाही. समान मोबदला कायदाही कामी आला नाही, कारण केंद्र सरकारने कलम १६ खाली हा फरक लिंगाधारित नाही असं १९७९ मध्ये जाहीर करून ठेवलं होतं.

दोन्हीकडे मालकाचा युक्तिवाद एकच: ‘गट वेगळा’. विमानात तो टिकला, बॅलार्ड इस्टेटमध्ये पडला. विमानातल्या बायकांची वाट पहिल्या दिवसापासून वेगळी आखलेली होती, आणि वेगळेपण जितकं पूर्ण तितकं ते निर्दोष मानलं गेलं. डिकोस्टा यांच्या बाबतीत निदान त्याच कंपनीत स्टेनो म्हणवणारे पुरुष होते. शेजारी उभा करायला एक पुरुष सापडला, म्हणून खटला जिंकता आला.

शेजारी पुरुषच नसेल तर

इथे या प्रकरणाची मर्यादा येते आणि माझ्या मते पगारातल्या अंतराचं सर्वांत मोठं कारणही इथेच आहे. १९७६ चा कायदा एकाच मालकाकडच्या, ‘तेच किंवा सारख्या स्वरूपाचं’ काम करणाऱ्या बाई-पुरुषांची तुलना करत असे. आंतरराष्ट्रीय करारातला शब्द होता ‘समान मूल्याचं’ काम. हा शब्द कायद्यात उतरला असता तर दोन अगदी वेगळी कामं कौशल्य आणि जबाबदारीच्या तराजूत घालता आली असती. आपण तो घेतला नाही.

परिणाम शेतात बघा. खुरपणी, निंदणी, कापूस वेचणी ही बायकांची कामं. त्यात गडी माणूस जवळजवळ नसतोच, म्हणून बाईचा रोज आणि गड्याचा रोज हे गावात आधीच ठरलेले दोन वेगळे आकडे असतात. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईने तुलना कोणाशी करायची? ऊसतोडीत तर पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल जोडीला मिळते, मुकादमाचा व्यवहार नवऱ्याशी होतो. तिथे बाईचा पगार कमी आहे असंही म्हणता येत नाही, कारण तिचा वेगळा पगार कागदावर अस्तित्वातच नाही. याउलट रोजगार हमीच्या कामावर दर कामाला बांधलेला, बाई-पुरुष दोघांना सारखा. तो दर सरकारने ठरवला आणि जाहीर केला, म्हणून तिथे वेगळे आकडे लावता आले नाहीत.

आणि अंगणवाडी सेविका. त्यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. सहा वर्षांखालच्या मुलांचा आहार, वजनं, शाळापूर्व शिक्षण, गरोदर बायांच्या नोंदी, शिवाय सरकार देईल ते सर्वेक्षण. एवढं करून त्या कर्मचारी नाहीत, मानसेवी. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं तेव्हा त्या शब्दाला पहिल्यांदा मोठी चीर गेली. ‘लेडी’ या शब्दाने जे काम मॅकिननमध्ये केलं, तेच ‘मानधन’ हा शब्द गावोगावी करतो.

बाकीची कारणं

मूल झाल्यावर पडणारा खंड, लांब तास देऊ शकणाऱ्यालाच चढता मोबदला मिळणं, यावर क्लॉडिया गोल्डिन यांनी आयुष्यभर काम केलं आणि त्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे, पण तिचा बोजा जिथे मालकावर एकट्यावर पडतो तिथे मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न येतो. मी अशा खोल्यांत बसले आहे. तो प्रश्न कायद्याने नीट अडवलेला नाही.

पहिल्या नेमणुकीचा आकडा हेही एक कारण. समजा, एकाला २२,००० आणि एकीला २०,००० वर घेतलं आणि दोघांनाही दर वर्षी सारखीच ८ टक्के वाढ दिली. दहा वाढींनंतर दोन हजारांचं अंतर ४,३०० च्या वर जातं. कोणीही कुठेही भेदभाव केलेला नसतो. दुसरी कंपनी मागचा पगार विचारते आणि अंतर तिच्यासोबत पुढच्या नोकरीत जातं.

डिकोस्टा यांना निदान श्रेणी छापील होत्या. शेजारच्या टेबलाचा पगार करारात वाचता येत होता. आजच्या खासगी कचेरीत पगार गुप्त ठेवण्याची अट नेमणूकपत्रातच असते. फरक आहे हेच न कळलेल्या बाईने तक्रार कशाच्या आधारावर करायची?

१९७६ चा कायदा आता वेतन संहितेत सामावला आहे. ती २०१९ ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. बाई-पुरुष या शब्दांच्या जागी कुठल्याही लिंगाचा कर्मचारी आला, हे चांगलं झालं. पण सारख्या कामाच्या व्याख्येत कौशल्य, श्रम, जबाबदारी यांच्यासोबत ‘अनुभव’ हा नवा शब्दही आला आहे. मुलासाठी तीन वर्षं घरी राहिलेल्या बाईच्या बाबतीत त्याचा अर्थ कसा लावला जाईल, याकडे माझं लक्ष आहे.

भोसरीत

त्या दिवशी मी शॉपवर उभी राहिले. प्रेस मशिनवर ऑपरेटर पार्ट काढत होते. शेजारच्या टेबलावर ‘हेल्पर’ बायका गेज (माप तपासायचं साधन) लावून तेच पार्ट तपासत होत्या, बर (कडेला राहिलेली धातूची धार) काढत होत्या, रिजेक्शनचं रजिस्टर भरत होत्या. दोन जणी जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटरच्या जागी मशिनवर बसल्या. मी विचारलं, “ताई, हे कधीपासून?”

“रोजच की. ते जेवायला गेले की आम्हीच चालवतो.”

“मग पद हेल्परच?”

“भरती हेल्परवर झाली ना आमची.”

मी अहवालात लिहिलं की तपासणी आणि नोंदणी हे कुशल काम आहे, मशिन बायका रोज चालवतात, आणि पदनाम भरतीच्या दिवशी चिकटलेलं आहे. निकालातला ‘प्रत्यक्षात रोज होणारं काम’ हा भाग जोडला. मॅनेजरनी वाचून विचारलं, “पण मॅडम, ऑपरेटर केलं तर त्यांना सेकंड शिफ्ट लावावी लागेल. घरचे सोडतील?” मी म्हटलं, “आधी दर द्या, गाडीची सोय करा, आणि मग त्यांनाच विचारा.”

एप्रिलपासून सात जणींचं पदनाम ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’ झालं आणि दर वाढला. दहा जणी अजून हेल्पर आहेत. सात जणींना मागच्या वर्षांचा फरक द्यायचा का, यावर पुढच्या आठवड्यात बैठक आहे. मी तिथे ७,१९६ रुपये ६७ पैशांचा तो निकाल घेऊन जाणार आहे.